लाल गोळीचं वाण

"यंदाचं वाण तुझ्याकडनं पायजे बरं का," गजराकाकू म्हणाल्या, तेही माझा आरसा आणि माझी दोन बोटं त्यांच्या तोंडात असताना.

"काकू, आधी चूळ भरा. मग बोला."

त्यांनी चूळ भरली, पदरानं ओठ टिपले आणि पुन्हा सुरू झाल्या. "मंडळाचं हळदीकुंकू हाय संक्रांतीचं. दरसाल एकजण सगळ्यांस्नी वाण देती. गेल्या साली चहाची गाळणी झाली. माई म्हणाल्या, आपल्या गावात नवी दातांची डॉक्टरीण आलीया, तिला सांगा. काय ब्रशबिश दिल."

"माई म्हणाल्या?"

"मग? अध्यक्षा त्याच न्हाईत का?" काकूंचा आवाज जरा खाली आला. "म्हणाल्या, आमचं काय वैर न्हाई त्या घराशी. मन मोठं हाय बाई त्यांचं."

मी पाठ फिरवून हात धुवायला लागले. राग आला की माझे कान लाल होतात आणि ते लोकांना दिसतात. माईंचं मन मोठं! त्या मोठ्या मनानं माझ्या बहिणीचं तोंड बंद केलं होतं.

हे विट्यातलं, मी दवाखाना उघडला त्या पहिल्या हिवाळ्यातलं. माई तारळेकर म्हणजे माझ्या अक्काची सासू. गावात मोठी पत, देवळात पहिला मान, महिला मंडळात पहिली खुर्ची. अक्का लग्न होऊन त्या घरात गेली तेव्हा गल्लीभर ऐकू जाईल असं बोलणारी, हसणारी मुलगी होती. तिसऱ्या दिवाळीला दाजींनी तिला ट्रंकेसकट आमच्या दारात आणून सोडलं. कारण विचारलं तर म्हणाले, "माईंना विचारा." विचारायची गरजच पडली नाही. माईंनी घरोघरी जाऊन सांगितलंच होतं, "पोरगी गुणी आहे हो, पण तोंडाला वास येतो. जवळ बसवत नाही. माझ्या मुलानं किती दिवस सोसायचं?"

आणि खरं सांगायचं तर वास येत होता. अक्का आईच्या गळ्यात पडून रडायला लागली तेव्हा आईनं मान बाजूला वळवली. आपल्याही नकळत, क्षणभरच. पण अक्काला ते कळलं. त्या दिवसापासून तिनं तोंडावर पदर धरला तो धरलाच. जेवताना भिंतीकडं तोंड करून बसायची. कुणी काही विचारलं तर मानेनं हो किंवा नाही.

मी तेव्हा दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला होते. सुट्टीत घरी आल्यावर तिला खिडकीशी नेलं, जबरदस्तीनं पदर बाजूला केला आणि तोंडात बॅटरी मारली. हिरड्या सुजून लालबुंद, बोट लागलं तरी रक्त. दातांवर पिवळट थर इतका जाड की नखानं खरवडला तर साय निघावी तसा निघाला. रोग नव्हता, शाप नव्हता. साधा थर होता, साचू दिलेला.

"अक्का, तू तर लहानपणी मला मारून दात घासायला लावायचीस. हे कसं झालं?"

ती काही बोलली नाही. दातांवर दगड झालेला थर काढताना नाही, हिरड्या बऱ्या झाल्या तेव्हा नाही, नंतर मी दर रविवारी तिला एक रंगाची गोळी चघळायला लावायचे तेव्हाही नाही. ही गोळी आम्हाला कॉलेजात पहिल्यांदा दाखवली तेव्हा मला जादूच वाटली होती. चघळायची, तोंडभर फिरवायची, थुंकायची, चूळ भरायची. स्वच्छ दाताला रंग धरत नाही. थर असेल तिथं धरतो. एक-दोन दिवसांचा थर गुलाबी दिसतो, जुना मुरलेला असेल तर जांभळा. कुठं ब्रश पोचला नाही ते दात स्वतःच सांगतात. अक्काच्या दातांवर आधी सगळीकडं जांभळं उठायचं, मग गुलाबी, मग नुसत्या रेघा, मग काहीच नाही. वास तर केव्हाच गेला होता.

पण पदर गेला नाही. बालवाडीच्या बाईंनी तिला शिकवायला बोलावलं, पुन्हा बोलावलं. मुलांना गाणी सांगायला तोंड उघडावं लागतं म्हणून ती गेली नाही. मी चिडून म्हटलं, "अगं, आता कुठाय वास?" तर पदराआडून म्हणाली, "तुला येत नाही. गावाला येतो."

म्हणजे तोंड मी साफ केलं होतं आणि घाण गावाच्या तोंडात शिल्लक होती. ती ज्या तोंडातून आली त्याच तोंडानं परत घ्यावी, एवढंच मला हवं होतं. चारचौघीत. मागून कानात नाही.

"देते वाण," मी गजराकाकूंना म्हटलं. "झकास देते. माईंना सांगा, अगदी पुढं बसा."

हळदीकुंकवाच्या दिवशी मी छोटे हातआरसे आणले आणि प्रत्येक आरशाबरोबर एका पाकिटात दोन दोन गोळ्या घातल्या. आई बघत होती. तिला माझे कान दिसत होते.

"हेमा, काय करणारेस तू?"

"वाण देणारे."

"माई आज कडेगावच्या पाहुण्यांना घेऊन येणारेत म्हणे. मुलीची आई. बोलणी चाललीत त्यांच्या पोराची."

"अजून काडीमोड नाही झालेला!"

"झालाच म्हणून धरून चाललेत." आईनं आतल्या खोलीकडं बघितलं. आत अक्का पाटावर बसून तिळाचे लाडू वळत होती. कपाळावर अजून त्यांच्याच मुलाचं कुंकू होतं. "तिच्या कानावर घालू नकोस."

मी कुणाच्याच कानावर काही घातलं नाही. आरशांची पिशवी उचलली आणि तरातरा निघाले. इतकी तरातरा की लाडवांचा डबा घरीच राहिला.

मंडळाचा हॉल मारुतीच्या देवळाला लागून आहे. काळ्या साड्यांनी भरला होता नुसता. बोरं, उसाची कांडी, ओला हरभरा, गुलाबपाण्याचा शिडकावा, सगळं रीतसर. माई पुढच्या खुर्चीवर, चंद्रकोर कोरलेली, नथ घातलेली. शेजारी कडेगावच्या पाहुण्या, साध्या, शांत बाई. मला बघून माई मोठ्यानं म्हणाल्या, "ये, हेमा ये. बघा हो, आम्ही माणसं तोडत नाही." मग पाहुण्यांकडं झुकून हळू, पण मला ऐकू येईल असं, "हिच्याच बहिणीचं ते."

पाहुण्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हसले. माझे दात चांगले आहेत.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले.

"सकाळी तुम्ही दात घासता. दात लखलखीत होतात. तुम्ही चुलीपाशी पोचेपर्यंत थुंकीची एक पातळ साय त्यांच्यावर बसलेली असते. ती वाईट नाही. पण तिला तोंडातले जंतू येऊन चिकटतात. सुटे सुटे असतात तोवर चुळीनंही निघून जातात. पण त्यांना धरून दुसरे येतात, दुसऱ्यांना धरून तिसरे, आणि सगळे मिळून आपल्याभोवती एक चिकट पांघरूण करतात. एकदा त्या पांघरुणात शिरले की लवंग चघळा, वेलदोडा खा, काही होत नाही त्यांना. आत बसून आपण खाल्लेली साखर खातात, त्याचं आंबट करतात, त्यानं दात किडतो. खरवडून काढलं नाही तर थुंकीतला चुना त्यात मुरतो आणि दगड होतो. मग हिरडी सुजते, रक्त येतं, तोंडाला वास येतो."

वास हा शब्द मी जरा ठासून म्हटला. दोघीतिघींनी माईंकडं चोरून बघितलं.

"आणि इथंच बायका चुकतात," मी पुढं म्हणाले. "रक्त आलं की घाबरून ब्रश बंद करतात. रक्त येतं ते थरामुळं. ब्रश बंद केला की थर वाढतो, थर वाढला की रक्त वाढतं."

"काहीतरीच बाई तुझं!" माई मध्येच म्हणाल्या. अध्यक्षांना मध्ये बोलायला परवानगी लागत नाही. "रक्त येतंय त्यावर ब्रश घासायचा? आमच्याकडं नाही चालत असलं. तुझ्या बहिणीच्याही येतच होतं की, पहिल्याच वर्षी. मी ब्रश काढूनच घेतला तिचा. म्हटलं, माझ्या डबीतली मशेरी लाव बोटानं, हिरड्या घट्ट होतील. मी स्वतः लग्न झाल्यापासून तेच करते. मला कधी डॉक्टर लागला नाही."

अक्कानं जे इतके महिने सांगितलं नव्हतं ते हे. सासूनं ब्रश काढून घेतला, हातात जाळलेल्या तंबाखूची डबी दिली आणि त्याच तोंडाला वास येतो म्हणून घरातून काढली. आणि बाई हे भर हॉलमध्ये अभिमानानं सांगत होती! आत्तापर्यंत मला माईंची जिरवायची होती. आता मला त्यांना रडवायचं होतं. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

"बघूया की माई," मी अगदी गोड आवाजात म्हटलं. "वाण घ्या."

पहिलं पाकीट मी त्यांच्याच हातावर ठेवलं. मग सगळ्यांना वाटलं. गोळी कशी चघळायची, थर असेल तिथंच कसा रंग धरतो, नवा गुलाबी, जुना जांभळा, सगळं समजावलं. बादल्या आणि तांबे तयार होते. चघळा, थुंका, चूळ भरा, आरशात बघा. मी स्वतः आधी चघळून दाखवली. मागच्या दाढेवर एक गुलाबी ठिपका निघाला, तोही सगळ्यांना दाखवला.

माई गोळी बोटांत धरून बघत बसल्या. "घरी जाऊन बघते मी."

"घ्या की," कडेगावच्या पाहुण्या म्हणाल्या. त्यांनी आपली तोंडात टाकलीसुद्धा. "वाणाला नको म्हणू नये."

नव्या विहिणीपुढं वाण कसं नाकारणार? माईंनी गोळी तोंडात टाकली.

थोड्याच वेळात हॉलमध्ये हसण्याची लाट उठली. "अगं बया, माझं बघा, कुंकवाचा करंडा सांडल्यागत झालंय!" गजराकाकू आरसा नाचवत ओरडल्या. कुणाच्या कडेला गुलाबी, कुणाच्या फटीत. पाहुण्यांच्या खालच्या दातांवर थोडं उठलं होतं, त्याही हसल्या. बायका एकमेकींची तोंडं उघडून बघत होत्या.

माईंनी चूळ भरली आणि आरसा वर केला.

हिरड्यांच्या कडेकडेनं, वरून खालून, या गालापासून त्या गालापर्यंत जांभळं. पुढचे खालचे दात तर जांभळं खाऊन आल्यासारखे. ओठ हलले की आतून तो रंग दिसायचा. मी डोळे भरून बघितलं. दिवाळीत दारात ठेवलेली ती ट्रंक मला आठवली आणि फार बरं वाटलं.

"आँ?" गजराकाकू वाकून बघत म्हणाल्या. त्यांना हळू बोलता येत नाही. "माई, तुमचं तर समदं जुनंच निघालं की! आन हीच मशेरी सुनंला लावाया दिली व्हय? मग वास येईल न्हाईतर काय हुईल!"

हसणं थांबलं. माईंनी पदर वर ओढला आणि तोंडावर धरला. डाव्या हातानं, चिमटीत, नाकापर्यंत. अक्का धरते अगदी तसा.

"ह्या पोरीनं डाव केलाय," पदराआडून आवाज आला. "माझ्या गोळीत काहीतरी वेगळं घातलंय. सूड उगवतीय बहिणीचा! बघताय काय सगळ्या? एवढी खात्री आहे तर तिलाच का नाही आणली इथं? दे की तिला गोळी. दे! बघू दे सगळ्यांना!"

बायका माझ्याकडं बघायला लागल्या. काही नजरा बदलल्या. सूड तर मी घेत होतेच, नाही कशी म्हणणार? आणि डाव केला नाही हे सिद्ध कसं करणार? हातातोंडाशी आलेला घास जातोय असं मला वाटलं.

"द्या इकडं."

दारात अक्का उभी होती. एका हातात लाडवांचा डबा, दुसऱ्या हातानं तोंडावर पदर. मी विसरलेला डबा घेऊन ती आली होती आणि किती वेळची तिथं होती कोण जाणे.

"अक्का, तू घरी जा," मी म्हटलं. सकाळपासून ती तीळ-गूळ वळत होती, चव बघत होती. वळताना तोंडात किती गेलं असेल? रंग जरा जास्त उठला तरी माईंचं बोलणं कायमचं खरं ठरणार होतं, आणि मग ती उंबऱ्याबाहेर कधीच पडली नसती.

ती माझ्याकडं न बघता सरळ पुढं आली. डबा टेबलावर ठेवला. माईंच्या मांडीवरचं पाकीट उचललं. त्यात दुसरी गोळी होती.

"ही तुमच्याच पाकिटातली आहे, माई," ती म्हणाली आणि गोळी तोंडात टाकली.

ती नेमानं, सावकाश चघळत राहिली, दर रविवारी चघळायची तशी. तोंडभर फिरवली, बादलीत थुंकली, चूळ भरली. बादलीतलं पाणी आणखी लाल झालं. मी आरसा तिच्यापुढं धरला, पण तिनं तो घेतला नाही. पदर खांद्यावर टाकला, कडेगावच्या पाहुण्यांसमोर जाऊन उभी राहिली आणि तोंड उघडलं.

पाहुण्यांनी उठून नीट बघितलं. वर, खाली, दोन्ही बाजूंनी. "पांढरे आहेत," त्या म्हणाल्या. "एकदम मागं एक रेघ आहे गुलाबी. बस."

"तेवढी असतीच की," गजराकाकू म्हणाल्या. "डॉक्टरणीची बी हाय."

त्यानंतर पाहुण्या माईंच्या शेजारी परत बसल्या नाहीत. पुढं ती सोयरीक झाली नाही. काडीमोड मात्र झाला, अक्कानं मागितला म्हणून. आणि बालवाडीतली पोरं अजून तिला आवाजावरनं ओळखतात, रस्त्याच्या पलीकडून. माझ्या वागण्यात माणुसकी नव्हती असं नंतर आईसुद्धा म्हणाली. म्हणू दे. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी माझं काम संपलं आणि अक्काचं सुरू झालं.

तिनं टेबलावरचा करंडा घेतला. माईंपुढं वाकून त्यांच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. मग आणखी वाकली, इतकी की तिचं तोंड माईंच्या नाकाशी आलं, आणि श्वास सोडला.

"माई," ती म्हणाली, "वास येतो का?"

माईंचे डोळे पदरावरनं इकडंतिकडं फिरले. सगळ्या बायका बघत होत्या. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

"मान नका हलवू. मी वर्षभर मान हलवली. तोंडानं सांगा."

अक्का वाकलेलीच राहिली. शेवटी माईंनी पदर खाली घेतला. जांभळे दात सगळ्या हॉलला दिसले.

"नाही येत," त्या म्हणाल्या.

"मोठ्यानं."

"नाही येत."

अक्का सरळ झाली. डबा उघडला, आपल्या हातानं वळलेला एक लाडू काढला आणि माईंच्या तळहातावर ठेवला.

"तिळगूळ घ्या, माई," ती म्हणाली. "आता गोड बोला."

तिळगूळही नाकारायचा नसतो. माईंनी तो तोंडात टाकला.